जुनी फोर-बाय-फोर पिकअप उंच करताना: पाटे, कोन आणि प्रोपेलर शाफ्ट

जुनी फोर-बाय-फोर पिकअप स्वस्तात मिळते, कारण बहुधा तिचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, दबून बसलेले असतात, चासी गंजलेली असते आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा कोणीतरी कधीच निकामी करून ठेवलेली असते. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात. मात्र त्या दुरुस्त होण्याआधीच गाडी उंच करायला घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि उंची म्हणजे जाड ठोकळे व लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) असे सांगणारे सल्लागार त्याहूनही जास्त आहेत. पुढील क्रम महिंद्राच्या जुन्या कॅम्परसारख्या, पुढे आणि मागे सलग अ‍ॅक्सल व पाटे असलेल्या गाडीसाठी आहे. गाडीखाली वाकून पाहावे. पुढच्या चाकांपाशी पाट्यांऐवजी कॉइल किंवा टॉर्शन बार दिसले, तर त्या गाडीची पद्धत वेगळी आहे आणि इथले काही तिला लावू नये.

खरेदीच्या वेळी इंजिनाकडे लोक जेवढे लक्ष देतात त्याच्या निम्मे जरी गाडीच्या पोटाकडे दिले तरी पुरे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारी फिरती नळी, जागेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मालवाहतुकीत वापरलेल्या अनेक गाड्यांचा हा शाफ्ट डिझेल वाचेल या समजुतीने काढून टाकलेला असतो आणि तो नंतर कुठे गेला हे मालकालाही सांगता येत नाही. शाफ्ट असला तरी लीव्हर फोर-बाय-फोरमध्ये पडला म्हणजे काम झाले असे मानू नये. मागच्या चाकांना दगड लावावेत, लीव्हर फोर-बाय-फोरमध्ये टाकावा, हब लॉक करण्याची सोय असल्यास ते लॉक करावेत आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. चाक सहज फिरत राहिले तर पुढची जोडणी कुठेतरी तुटलेली आहे, आणि किंमत त्या हिशेबाने बोलावी.

चासी डोळ्यांनी नव्हे, हातोडीने तपासावी. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून गेलेला पत्रा बोदा आवाज देतो आणि पुष्कळदा हातोडीच्या टोकाने पापुद्रे सुटतात. पाटे चासीला अडकवणारे हँगर, क्रॉस मेंबरची (चासीच्या आडव्या दांड्यांची) टोके आणि मागच्या अ‍ॅक्सलवरून चासी जिथे वळते तो भाग, या तीन जागा ठोकल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कोकण किनाऱ्यावर मासळी वाहिलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही, कारण बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे चासीत ठिबकलेले असते आणि वरून मारलेला काळा रंग ते झाकून टाकतो. देशावरची, उसाच्या किंवा विटांच्या भाराने पाटे बसलेली गाडी त्यापेक्षा परवडते. पाटे बदलता येतात.

कागदपत्रांबाबत एकच गोष्ट, पण ती कामाला हात घालण्याआधीची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाजू उचलून धरली आहे. बसलेल्या पाट्यांच्या जागी नवे पाटे बसवून गाडीची मूळ उंची परत मिळवणे ही दुरुस्ती आहे. त्यापुढे जाताना आरटीओत आधी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. दर पासिंगच्या वेळी काळजी करत बसण्यापेक्षा हे सोपे पडते.

गाडी घरी आली की सगळी ऑइल बदलावीत. डिफरन्शियलमधून (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातून) दुधाळ ऑइल निघाले तर आत पाणी गेलेले आहे, तेव्हा सील आणि ब्रीदर (हवा सोडणारी नळी) दोन्ही पाहावेत. ब्रेक, व्हील बेअरिंग, किंगपिन आणि टायरॉड एंड यांतील ढिलाई याच वेळी काढावी, कारण उंच झालेली गाडी हीच ढिलाई दुप्पट करून दाखवते. गंजलेल्या जागी पत्रा जोडताना आधी बॅटरीचे कनेक्शन काढावे आणि पट्टी चासीवर उभ्या सरळ रेषेत वेल्ड न करता तिची टोके तिरकी कापून घ्यावीत, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही.

आता उंचीचा हिशेब. टायर न बदलता फक्त पाट्यांनी गाडी उंच केली तर चासी वर जाते, पण डिफरन्शियल होते तिथेच राहते. दगडाला आधी टेकते ते डिफरन्शियल. त्याखालची जागा फक्त मोठ्या टायरने वाढते. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा साधारण ७३३ मिलिमीटर, म्हणजे अ‍ॅक्सल जेमतेम १५ मिलिमीटर वर येतो. शिवाय या बदलाने स्पीडोमीटर सुमारे ४ टक्के कमी वेग दाखवू लागतो. तेव्हा पाट्यांनी मिळणारी उंची ही मुख्यतः मोठ्या टायरला जागा देण्यासाठी आणि पोट घासू नये म्हणून असते. माझ्या मते मूळ उंचीच्या वर ५० मिलिमीटर ही रोज वापरायच्या गाडीची मर्यादा आहे.

ही उंची बाकदार नव्या पाट्यांनीच घ्यावी. जुने पाटे तापवून, ठोकून पुन्हा बाक देणारे कारागीर प्रत्येक महामार्गावर भेटतात. काम झाल्यावर गाडी छान उभी राहते आणि काही महिन्यांत पुन्हा बसते, कारण तापवताना पोलादाचे पाणी उतरलेले असते. जुन्या संचात एक जादा पाटा घातला तर हौदा रिकामा असताना गाडी बैलगाडीसारखी आदळते. लांब शॅकलची गंमत अशी की शॅकल ५० मिलिमीटरने लांबवला तर उंची जवळपास निम्मीच वाढते आणि बदल्यात अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरून त्याचा कोन बिघडतो. पुढचा अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालणे तर मी कोणालाही करू देणार नाही. ब्रेक दाबताच तो ठोकळा पाट्यावर तरफेसारखा जोर लावतो आणि सुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

पाटे बदलणे हे मेहनतीचे पण सरळ काम आहे. चासीखाली घोड्या लावाव्यात, अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर तोलावा, एका वेळी एकच बाजू उघडावी, पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे गंजलेले यू-बोल्ट ग्राइंडरने कापावेत आणि नवेच घालावेत. शॅकलचे व पाट्याच्या टोकाच्या गोल भोकातले (आय) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण घट्ट करावेत. हवेत लटकत असताना घट्ट केलेले रबरी बुश गाडी खाली येताच पिळले जातात आणि लवकरच फाटतात.

खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि बहुतेक चुकीचे सल्ले याच जागेचे असतात. गाडी उंच झाली, चाचणीला काढली, आणि पन्नास-साठच्या वेगाला सीटखालून गुणगुण सुरू झाली की गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते: मागच्या डिफरन्शियलचे नाक वर करा, ते ट्रान्सफर केसकडे रोखलेले दिसले पाहिजे. नाक म्हणजे डिफरन्शियलचे शाफ्टला जोडलेले टोक, आणि ट्रान्सफर केस म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी. मला याच आवाजाने सर्वांत जास्त छळले आहे. दर वेळी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) बदलण्याचा, शाफ्ट बॅलन्स करण्याचा आणि शेवटी पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून नाक वर करण्याचा सल्ला मिळत गेला, आणि पाचर घातल्यावर आवाज वाढला.

कारण असे आहे. ज्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक साधा क्रॉस असतो, त्यात कोन असेल तर फिरण्याचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. वरच्या क्रॉसने निर्माण केलेला हा हेलकावा खालच्या क्रॉसने पुसून टाकायचा असतो, आणि तो पुसला जातो फक्त दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तेव्हाच. म्हणजे ट्रान्सफर केसचा बाहेर येणारा शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या नाकातून बाहेर येणारा पिनियन शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. एकमेकांकडे रोखलेले नव्हेत. नाक ट्रान्सफर केसकडे रोखायचे असते ते वरच्या टोकाला दोन क्रॉसचा जोड असलेल्या शाफ्टमध्ये. तो सल्ला साध्या शाफ्टच्या गाडीला लावला की आवाज ठरलेलाच.

एक उदाहरण घेऊ. समजा ट्रान्सफर केसचा शाफ्ट मागे ३ अंशांनी उतरतो आणि उंची वाढवल्यावर प्रोपेलर शाफ्ट ९ अंशांनी उतरतो आहे. वरच्या क्रॉसचा कोन ६ अंश झाला. पिनियनचाही उतार ३ अंशच असेल तर खालचा कोनही ६ अंश, आणि हिशेब बरोबर मिटला. कोणी ५ अंशांची पाचर घालून पिनियनचा उतार ८ अंश केला तर खालचा कोन १ अंश उरतो, वरचा ६ अंशच राहतो, आणि त्यांतील फरक सीटखाली जाणवतो. चारही पाटे सारखे उंच झाले असतील तर पिनियन बहुधा आधीच समांतर असतो आणि पाचरीची गरजच नसते. जोर लागताना पाटे थोडे पिळतात आणि पिनियनचे नाक वर जाते, म्हणून मी ते समांतरापेक्षा १ ते २ अंश खालीच ठेवतो.

मोजमापासाठी लोहचुंबकाचा साधा अँगल मीटर पुरतो. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर आणि नेहमीच्या भारासह उभी असावी; जॅकवर घेतलेले माप फेकून द्यावे. ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर अशी तीन मापे घ्यावीत. फ्लँजचा पृष्ठभाग उभा असतो, म्हणून तिथे मीटर काटकोनातून किती ढळला ते वाचायचे असते. त्यावरची ग्रीस आणि रंग खरवडून काढला नाही तर एक-दोन अंश सहज चुकतात. नवे पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, त्यामुळे पाचरीचा निर्णय त्यानंतरच घ्यावा, पहिल्याच दिवशी नाही.

पाचर लागलीच तर ती पोलादी घ्यावी; अ‍ॅल्युमिनियमची पाचर भाराखाली चेपते, तडकते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. दिशेचा गोंधळ इथे नेहमी होतो. मागच्या अ‍ॅक्सलचे नाक वर करायचे असेल आणि पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसलेले असतील, तर पाचरीची जाड बाजू मागे येते. पाटे अ‍ॅक्सलखाली असतील तर जाड बाजू पुढे येते. नाक खाली करायचे असेल तर दोन्ही ठिकाणी उलट. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब घालावा आणि त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात पूर्ण बसले आहे हे बोटाने चाचपून पाहावे.

शाफ्ट उघडताना स्लाइडिंग जोडाच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या दातेरी जोडाच्या) दोन्ही बाजूंना खूण करून ठेवावी. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. जोडताना एक दात जरी सरकला तरी सगळे कोन बरोबर असूनही तीच गुणगुण येते, आणि मग माणूस नसलेला दोष शोधत राहतो. त्यानंतर चासी उचलून चाके पूर्ण लटकू द्यावीत आणि त्या स्थितीत जोडाचे दात एकमेकांत पुरेसे खोल आहेत का ते पाहावे. नसतील तर शाफ्ट लांब करून घ्यावा. ते काम करणाऱ्याने दोन्ही योक रेषेत ठेवून बॅलन्सही करून दिला पाहिजे.

पुढच्या अ‍ॅक्सलला दोन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. कॅस्टर (चाक ज्या खिळीभोवती वळते तिचा मागचा झुकाव) वाढवण्यासाठी अ‍ॅक्सलचा माथा मागे झुकवला की पिनियनचे नाक खाली जाते. तिथे नेहमी कॅस्टरच्या बाजूने कौल द्यावा, कारण पुढचा शाफ्ट फोर-बाय-फोरमध्ये, कमी वेगातच भार घेतो, तर स्टिअरिंग कायम लागते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल आणि साठच्या वेगाला गाडी भरकटत असेल तर कॅस्टर कमी झाला आहे; अलाइनमेंटवाल्याकडून तो मोजून घ्यावा, फक्त टो-इन (चाके पुढून किती आत वळलेली आहेत ते) पाहून त्याला सोडू नये.

उरलेली कामे थोडक्यात. चाके लटकलेली असताना ब्रेकचे होज पाइप ताणले जात असतील तर लांब पाइप बसवावेत. मागच्या ब्रेकला भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यावा, नाहीतर गाडी रिकामी आहे असे समजून तो भरलेल्या गाडीचेही मागचे ब्रेक कमजोर ठेवतो. बंप स्टॉप (अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेले रबर) तेवढेच खाली आणावेत, हेडलाइटचा झोत उतरवावा, स्टिअरिंग व्हील मध्यावर आणावे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते पाहावे. फोर-बाय-फोरची चाचणी मातीवरच घ्यावी, कोरड्या डांबरावर नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा घट्ट करावेत आणि तिन्ही कोन पुन्हा मोजावेत.