व्हीव्हीटी सोलेनॉइडचा दोष घरी कसा शोधावा

सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरू लागते, कात्रजचा घाट चढताना पिकअप कमी पडतो, पेट्रोल जास्त जाते आणि मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटतो. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) सोलेनॉइडचे, म्हणजे विजेने हलणाऱ्या ऑइलच्या झडपेचे नाव निघते. संशय पुष्कळदा खरा असतो. तरीही तपासण्याआधीच नवीन भाग आणायला पुण्यातली नाना पेठ गाठण्याची घाई करू नये, कारण हा भाग निम्मा विजेवर आणि निम्मा ऑइलवर चालतो. ईसीयूकडून (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून) येणाऱ्या प्रवाहामुळे त्याच्या आतला दट्ट्या पुढेमागे सरकतो व ऑइलचा दाब कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकावरील फेझरकडे वळवतो, आणि फेझर कॅमला किंचित फिरवून व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलतो.

म्हणूनच पहिली तपासणी डिपस्टिकची करावी. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेले असेल, डांबरासारखे घट्ट झाले असेल किंवा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे नसेल, तर सोलेनॉइड नवा असला तरी त्याचे काम नीट होणार नाही. त्यानंतर स्टीअरिंगखालच्या ओबीडी (दोषांचे कोड वाचण्याच्या) सॉकेटला साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडून कोड वाचावा. पी००१० हा कोड विजेच्या मार्गातील बिघाड सुचवतो, तर पी००११ आणि पी००१२ एवढेच सांगतात की कॅम अपेक्षेपेक्षा पुढे किंवा मागे राहिला आहे. त्याचे कारण सोलेनॉइड, ऑइल, फेझर यांपैकी काहीही असू शकते. पी००१६ दिसला, तर टायमिंग चेन सैल झाल्याची किंवा तिचा दात सरकल्याची शक्यता असते, आणि ते काम घरी करण्यासारखे नाही.

सोलेनॉइड शोधण्यासाठी बॉनेट उघडून इंजिनच्या ज्या बाजूला अल्टरनेटरचा पट्टा फिरतो, त्या बाजूच्या वरच्या भागात, सिलिंडर हेड किंवा चेन कव्हरजवळ पाहावे. अंगठ्याएवढ्या जाडीचा एक दंडगोल बहुधा एकाच बोल्टने आत बसवलेला असतो व बाहेर दोन पिनांचा कनेक्टर दिसतो. जवळच बसवलेल्या कॅम सेन्सरला सहसा तीन तारा असतात. पर्ज व्हॉल्व्हलाही (पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेलाही) दोनच तारा असतात, पण त्याला रबरी नळ्या जोडलेल्या असतात. सोलेनॉइडला नळी नसते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमवर व्हीव्हीटी असेल, तर सोलेनॉइडही दोन असतात.

इंजिन गार असताना कनेक्टर काढावा. जुन्या गाडीत त्याची प्लास्टिकची क्लिप उन्हातल्या पापडासारखी कडक झालेली असते. मी ती जोर लावून तोडली आणि पुढे दोन महिने कनेक्टर दोऱ्याने बांधून गाडी चालवली. कनेक्टरच्या आत ऑइल आढळले, तर सोलेनॉइड आतून गळत आहे आणि तो बदलावाच लागेल. कनेक्टर कोरडा असल्यास मल्टिमीटर (तापकीर गल्लीत स्वस्तातलाही चालतो) ओहमवर ठेवून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. अनेक गाड्यांत तो ७ ते ८ ओहमच्या आसपास असतो, तरी अंतिम शब्द आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच मानावा. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली कॉइल तुटली आहे. जवळपास शून्य दाखवत असेल तर ती शॉर्ट झाली आहे. दोष इंजिन तापल्यावरच उमटत असेल, तर हेच मोजमाप गरम अवस्थेत पुन्हा घ्यावे.

रोध योग्य आला की बहुतेक जण तपासणी थांबवतात, आणि फसगत तिथेच होते. कॉइल धडधाकट असूनही दट्ट्या गाळात अडकलेला असू शकतो. त्यासाठी बोल्ट काढून सोलेनॉइड हळूहळू फिरवत बाहेर ओढावा. खाली फडके धरावे, कारण थोडे ऑइल सांडतेच. पुष्कळ सोलेनॉइडांवर बारीक जाळी असते. माझ्या गाडीतल्या जाळीवर काजळीसारखा काळा थर इतका घट्ट बसला होता की तिची भोके दिसतच नव्हती. ती कार्ब क्लीनरने धुवावी, पण पिनेने खरवडू नये. मग सोलेनॉइडच्या दोन पिनांना फ्यूज लावलेल्या तारांनी बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभरच द्यावेत: ‘टक्’ असा आवाज येऊन दट्ट्या पूर्ण सरकला पाहिजे आणि प्रवाह तोडताच परत आला पाहिजे. अर्धवट सरकून थांबला, तर तो भाग निकामी समजावा. बॅटरीचा प्रवाह चुकूनही गाडीकडून येणाऱ्या तारांमध्ये सोडू नये; त्याने ईसीयू जळू शकतो.

सोलेनॉइड दोन्ही परीक्षांत उतरला, तर चावी ऑन करून गाडीकडच्या कनेक्टरच्या एका पिनेवर बॅटरीएवढा व्होल्टेज येतो का ते पाहावे आणि तारा हलवून पाहाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या तारा पार्किंगमधल्या गाड्यांत दुर्मीळ नाहीत. परत बसवताना नवी ओ-रिंग (रबरी कडी) ऑइल लावून घालावी आणि बोल्ट बेताने आवळावा, कारण तो अॅल्युमिनियममध्ये जातो. कोड पुसून गाडी घाटात एकदा चढवून आणावी आणि कोड पुन्हा वाचावा. पी००११ परतला, तर पुढचा संशय फेझरवर घ्यावा.