टॉकबॅक मराठी मेसेज गाळत होता, तो असा वाचू लागला

लासलगावहून भाऊ रोज कांद्याचे भाव मराठीत पाठवतो. नाशिकला माझ्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, त्यातले फक्त आकडे वाचायचा. इंग्रजी मात्र स्वच्छ. आवाज वाढवला, फोन बंद-चालू केला, फोनची भाषाही मराठी केली, फरक शून्य. पंधरा दिवस कांद्याचे भाव कळायला शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागलं, ते फार लागलं मनाला.

दोष टॉकबॅकचा नव्हताच. टॉकबॅक फक्त मजकूर पुढे देतो. बोलतं ते टेक्स्ट-टू-स्पीच इंजिन, आणि माझ्याकडे त्याचा मराठी आवाजच उतरवलेला नव्हता.

आधी वायफाय जोडा. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुट. इंजिन गूगलचं निवडा. उजवीकडे एकेकदा स्वाइप करत त्याच्या शेजारच्या सेटिंग्जच्या बटणावर या आणि डबल टॅप करा. हे बटण इंजिनच्या नावापासून वेगळं आहे, मी इथेच चुकत होते. आत ‘इन्स्टॉल व्हॉइस डेटा’ उघडा. यादी लांब आहे, दोन बोटांनी वर सरकवा. मराठीवर डबल टॅप करा, डाउनलोड पूर्ण होऊ द्या. मग मागे टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुटच्या पानावर येऊन लँग्वेज मराठी करा.

शेवटी आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक बंद करा, तसंच पुन्हा चालू करा. हे राहिलं म्हणून माझा एक दिवस गेला.

मेनूंची नावं फोनप्रमाणे थोडी बदलतात. आता ‘उन्हाळ कांदा’मधला ‘ळ’ही नीट ऐकू येतो.