नव्या सदस्यासाठी मत देताय? या चुका टाळा

'-१', म्हणजे नकार, लिहून गप्प बसणं. माझ्या डोक्यात जाणारी चूक ही.

नागपुरात आमचा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा छोटा गट आहे. मराठी भाषांतर करणाऱ्या एका पोराला कमिटचे अधिकार, म्हणजे प्रकल्पाच्या फायलींत थेट बदल करायची मुभा, द्यायचे होते. सात जणांचे '+१', म्हणजे होकार, एका भाऊंचा '-१'. कारण विचारलं तर म्हणे, "माझं मत आहे नं, झालं." एका नकारानं प्रस्ताव पडतो, हा आमचाच नियम. पडला. दोन महिन्यांनी धरमपेठेत तर्रीपोहे खाताना भाऊ बोलले, "दुसऱ्याच्या फायली स्वतःच्या नावावर टाकणारा तोच नं बे?" तो नव्हता. फायली टाकणारा वेगळाच होता, आडनाव तेवढं सारखं. एक ओळ लिहिली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पोरगा तोवर दुसऱ्या प्रकल्पात गेला होता. त्या दिवशी मी दुसरी प्लेट घेतली नाही.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या संस्थेत कोडमधल्या बदलावरचा नकार तांत्रिक कारणाशिवाय ग्राह्यच धरत नाहीत. कोडला एवढा मान, मग माणसाला का नको? मी आधी कारण लिहितो, मग आकडा. कारण कागदावर उतरलं नाही तर '-०' देतो, म्हणजे फारसं पटत नाही, पण आडवा येणार नाही.

होकाराला मात्र कारण मागत बसू नका. काम दाखवायची जबाबदारी प्रस्ताव मांडणाऱ्याची. 'चांगला पोरगा आहे' यावर प्रस्ताव मांडायचा नसतो, पॅच, म्हणजे त्यानं करून पाठवलेले बदल, दाखवायचे असतात.

कारण उमेदवारासमोर, सगळ्यांना दिसेल असं लिहू नका. मतदारांपुरतं ठेवा. 'चिडका आहे' हे इंटरनेटवर त्याच्या नावाला कायमचं चिकटतं.

नकाराचं कारण मागितलं की 'डेबियनमध्ये तर मत गुप्त असतं' हे उत्तर हमखास येतं. डेबियन म्हणजे मुक्त ऑपरेटिंग सिस्टम बनवणारा प्रकल्प. २०२२ साली त्यांनी ठरावांवर कोणी काय मत दिलं ते लपवायचं ठरवलं, हे खरं. पण ठरावावरची चर्चा उघडच होते, आणि नवे सदस्य तिथे असे सगळ्यांच्या मतदानानं घेतच नाहीत.

शुक्रवारी रात्री प्रस्ताव, शनिवारी निकाल, असं करू नका. किमान ७२ तास द्या.

आणि तीन पॅच टाकून "भाऊ, कमिट कधी देता?" विचारणारे उतावळे. त्यांना मी जुन्या बगांची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, यादी धरवतो. बरेच परत येत नाहीत. जे येतात, त्यांचा प्रस्ताव मीच मांडतो.