प्रांत कार्यालयातल्या अपिलांचं जुनं सॉफ्टवेअर बदलण्याआधी

नव्या प्रणालीवर जायचं ठरलं की पहिली बैठक हमखास सर्व्हर आणि लॉगिनवर खर्ची पडते. ते नंतर होईल, आधी दप्तर उघडा. संगणकावरची प्रलंबित प्रकरणं आणि नोंदवहीतली प्रलंबित प्रकरणं समोरासमोर जुळवून घ्या. निकाल होऊन वर्षं उलटली तरी संगणकात चालूच, अशी प्रकरणं निघणारच. पुढची तारीख केव्हाच टळलेली असते, त्यावरून ती ओळखता येतात. प्रत्येक फरकावर अव्वल कारकुनाची सही घ्या. असले निर्णय प्रोग्रामरने अंदाजाने घेऊ नयेत.

स्थगिती असलेली प्रकरणं मात्र एकूण एक हाताने तपासा, मूळ आदेश समोर ठेवून. स्थगितीची नोंद स्थलांतरात गळली आणि खाली तलाठ्याने फेरफार (जमिनीच्या हक्कनोंदीतला बदल) पुढे नेला, तर निस्तरताना नाकी नऊ येतील.

मग फॉण्ट. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. जुना मजकूर श्रीलिपीत किंवा सुरेखमध्ये असेल, तर तो पडद्यावर देवनागरी दिसतो, आत मात्र भलतीच अक्षरं साठवलेली असतात. या फॉण्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, नंतर. रफाराचं नेमकं उलट. म्हणून चाचणीला ‘पाटील’ घेऊन उपयोग नाही. ‘शिर्के’ घ्या, ‘कुऱ्हाडे’ घ्या. रूपांतर एकेका रकान्याचं करा, सरसकट नको. गट नंबरच्या रकान्यात साधे इंग्रजी आकडे असतील, तर कन्व्हर्टर त्यांचाही चुराडा करतो. आणि एकाच गावचे दोन ‘रामचंद्र पाटील’ एकच माणूस धरून जोडू नका, मशीनला तर मुळीच जोडू देऊ नका.

तारखांमध्ये 01/01/1900 दिसली तर ती बहुधा रिकामी जागा आहे, तारीख नव्हे. तहसीलदाराच्या आदेशावर अपिलाची मुदत जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 250 प्रमाणे 60 दिवस, तीही आदेश मिळाल्यापासून. जुन्या प्रणालीत फक्त आदेशाचीच तारीख असेल, तर आदेश मिळाल्याच्या तारखेचा रकाना कोरा राहू द्या. आदेशाचीच तारीख तिथे उतरवू नका.

गावं-जिल्ह्यांना आजचे कोड लावा, पण आदेशातला मजकूर जसाच्या तसा ठेवा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधीच्या तिथल्या प्रकरणांत ‘जि. ठाणे’ हेच बरोबर. धाराशिवच्या जुन्या आदेशांतलं उस्मानाबादही तसंच राहील. शोध मात्र दोन्ही नावांनी लागला पाहिजे. जुना प्रकरण क्रमांकही शोधात हवा, कारण पक्षकाराच्या हातातल्या नोटिशीवर तोच असतो.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या मशीनवर तो उघडून पाहा. बदलाचा दिवस सुनावणीचा नसावा. जुन्या प्रणालीत नोंद करणं त्या दिवसापासून बंद, पाहणं चालू. नाहीतर सवयीने कुणीतरी तिथेच तारीख टाकतं. पहिले काही आठवडे बोर्ड (त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी) छापून रोजनाम्याशी, म्हणजे प्रकरणातल्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीशी, ताडून पाहायला एक कारकून नेमा, आणि त्याच्याकडचं दुसरं काम तेवढ्यापुरतं काढून घ्या.