जँगोची मॉडेल वापरताना या चुका टाळा

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसच्या टेबलसाठी लिहिलेला मॉडेलचा क्लास दिसायला साध्या पायथॉन क्लाससारखा असतो आणि तिथेच आपण फसतो, कारण मागे टेबल आहे आणि साध्या वाटणाऱ्या एका डॉटमागे आख्खी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) असू शकते हे लक्षातच राहत नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लूपमधल्या क्वेरी. समजा पुस्तक आणि लेखक अशी दोन मॉडेल आहेत, पुस्तकात लेखकाची फॉरेन की, म्हणजे लेखकाच्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं फील्ड. टेम्प्लेटमध्ये १०० पुस्तकांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे लेखकाचं नाव दाखवलं की पुस्तकांची १ क्वेरी आणि लेखकांच्या १००, झाल्या १०१. लोकलला डेटाबेसमध्ये चार-पाच रेकॉर्ड असतात म्हणून काही कळत नाही, लाइव्ह गेल्यावर पेज रांगायला लागतं आणि मग सगळे म्हणतात सर्व्हर मोठा घ्या! फॉरेन की किंवा वन-टू-वन असेल तर सिलेक्ट_रिलेटेड लावा, तो जॉइन मारून, म्हणजे टेबलं जोडून, एकाच क्वेरीत सगळं आणतो. मेनी-टू-मेनी (दोन्ही बाजूंना अनेक) असेल किंवा उलट बाजूने यायचं असेल, म्हणजे लेखकावरून त्याची सगळी पुस्तकं, तर प्रीफेच_रिलेटेड, तो वेगळी क्वेरी करतो आणि जोडाजोडी पायथॉनमध्ये करतो. पण प्रीफेच केल्यावर लूपच्या आत परत फिल्टर लावला तर केलेलं प्रीफेच वाया, नवीन क्वेरी जाणारच. यात माझा अर्धा दिवस गेलाय, कारण कोड बघून सगळं बरोबरच वाटत होतं. शंका आली की डीबग टूलबार लावून क्वेरी किती जातायत ते बघा, अंदाजाने शोधत बसू नका.

दुसरी चूक, सेव्ह केलं म्हणजे डेटा तपासून गेला असं समजणं. सेव्ह स्वतःहून फुल_क्लीन, म्हणजे डेटा तपासणारं फंक्शन, बोलावत नाही. मॉडेलफॉर्ममधून (मॉडेलवरून बनवलेल्या फॉर्ममधून) आलात तर तपासणी होते, पण शेलमधून किंवा एखाद्या स्क्रिप्टमधून ऑब्जेक्ट बनवला तर चॉइसेसमध्ये (ठरवून दिलेल्या पर्यायांत) नसलेली व्हॅल्यूसुद्धा निवांत टेबलमध्ये जाऊन बसते. आणि क्वेरीसेटवर (क्वेरीतून आलेल्या रेकॉर्डच्या संचावर) अपडेट मारलं तर सेव्ह फंक्शन बोलावलंच जात नाही, म्हणजे सेव्हमध्ये लिहिलेलं तुमचं लॉजिक नाही, सेव्हच्या आधी-नंतर आपोआप चालणारे प्री-सेव्ह पोस्ट-सेव्ह सिग्नल नाहीत, ऑटो_नाऊवाली (प्रत्येक सेव्हला आपोआप बदलणारी) तारीखही जुनीच राहते. बल्क_क्रिएटलाही (एकदम अनेक रेकॉर्ड टाकताना) तुमचं सेव्ह आणि ते सिग्नल चालत नाहीत. ‘सिग्नल कधी चालतो कधी नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

फील्डच्या डिफॉल्टमध्ये टाइमझोनचं नाऊ (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) देताना पुढे कंस लावू नका. कंस लावला की ते फंक्शन सर्व्हर सुरू होताना एकदाच चालतं आणि नंतरच्या सगळ्या रेकॉर्डवर तीच वेळ पडते. जेसनफील्डलाही (लिस्टसारखा डेटा ठेवणाऱ्या फील्डला) डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट थेट देऊ नका, नुसतं लिस्ट असं नाव द्या, नाहीतर एकच लिस्ट सगळ्यांत शेअर होते.

नल आणि ब्लँक यांचा घोळ तर कायमचाच. नल डेटाबेससाठी (व्हॅल्यूच नसली तरी चालेल), ब्लँक फॉर्मच्या तपासणीसाठी (रिकामं सोडलं तरी चालेल). चारफील्डला (मजकुराच्या फील्डला) उगाच नल देऊ नका, मग रिकामं म्हणजे नल की रिकामी स्ट्रिंग हे प्रत्येक फिल्टरमध्ये दोनदा बघावं लागतं. (युनिक असलेलं पण ऐच्छिक फील्ड असेल तर मात्र नल लागतो, कारण रिकाम्या स्ट्रिंग दोन झाल्या की त्या एकमेकींवर आदळतात.)

स्टॉक किंवा व्ह्यूजचा आकडा वाचायचा, त्यात १ मिळवायचा आणि सेव्ह करायचं, हे एकटे टेस्ट करताना मस्त चालतं, पण दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोघी तोच जुना आकडा वाचतात आणि एक वाढ गायब. एफ एक्स्प्रेशन वापरा, बेरीज डेटाबेसलाच करू द्या. पैशासाठी फ्लोटफील्ड नको, डेसिमलफील्ड घ्या, यावर वाद नको.

शेवटी मायग्रेशन, म्हणजे मॉडेलमधले बदल डेटाबेसच्या टेबलांत नेणं. ‘नो सच कॉलम’ (असा कॉलमच नाही) असा एरर आला की घाबरू नका, बहुतेक वेळा मेकमायग्रेशन्स करून मायग्रेट करायचं राहिलेलं असतं किंवा दुसऱ्याचा कोड पुल करून मायग्रेट केलेलं नसतं. आधी शोमायग्रेशन्स चालवून कुठल्या फाइलपुढे फुली नाही ते बघा. वैतागून मायग्रेशनच्या फाइली डिलीट करायची इच्छा होते, पण डेटाबेसमधल्या जँगोच्या टेबलमध्ये जुन्या फाइलींची नोंद तशीच राहते, फाइली गेल्या तरी, आणि मग एका एररच्या जागी चार येतात.