उन्हाळी सल्ला, सोलापूर : झळ कुठल्या वाटेनं येते ते आधी बघा

एप्रिल-मे लागला की आपल्याकडं दोनच उपाय ऐकू येतात, पाणी वाढवा आणि नेट (सावलीची जाळी) टाका. दोन्ही चांगले, दोन्ही खर्चिक, आणि चुकीच्या जागी वापरले तर दोन्ही वाया. पिकाला, जनावराला किंवा साठवलेल्या मालाला उष्णता तीन वाटांनी गाठते. तापलेली वस्तू चिकटून असली की ती थेट एकीतून दुसरीत सरकते. हवा किंवा पाणी वाहतं तेव्हा ते स्वतःबरोबर उष्णता घेऊन फिरतं. आणि सूर्यकिरण, तापलेला पत्रा किंवा तापलेली भिंत मधल्या हवेला न विचारता लांबूनच भाजते. शाळेत यालाच वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणायचे. रानात यातली कुठली वाट जोरात आहे ते कळलं, की पैसा कुठं घालायचा ते कळतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बातम्यांत सांगतात तो ४२ अंशांचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. जमिनीपासून चार-साडेचार फूट उंच, पांढऱ्या झडपांच्या पेटीत तो मोजतात. त्याच दुपारी उघड्या, कोरड्या काळ्या रानाचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास असू शकतो. नुकतं लावलेलं रोप त्या ६० अंशांत उभं असतं, पेटीत नाही.

जमीन

कोरड्या भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि स्थिर हवा उष्णता फार हळू पुढं जाऊ देते. म्हणून वरचा थर पेटल्यासारखा तापतो, पण ती झळ खाली जायला वेळ घेते. पृष्ठभाग दुपारी एक-दोनला सर्वांत जास्त तापतो. चार बोटांवर ती लाट चार-पाच वाजता पोचते, तर फूटभर खाली रात्रीच. तिथं दिवस आणि रात्र यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरतो. डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात. म्हणजे लढाई त्या वरच्या चार-सहा बोटांची आहे.

तिथं सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे उसाचं पाचट. ऊस तुटला की पाचट पेटवून देण्याची घाई आपल्या जिल्ह्यात अजून सुटलेली नाही. इतकं आच्छादन फुकट मिळत असताना ते जाळून परत पॉलिथिन विकत आणायचं, हा हिशेब मला कधी पटलेला नाही. डाळिंबाच्या आळ्यात तीन-चार बोटं जाड थर द्या, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आणि खोडाचे रोग दोन्ही येतात. पाचट दोन कामं करतं. थेट ऊन अडवतं, आणि काडी-काडीत अडकलेली हवा झळ खाली जाऊ देत नाही. तुडवून दाबून टाकलं की दुसरं काम कमी होतं. म्हणून ते मोकळं पसरा.

प्लास्टिकचं आच्छादन (मल्चिंगचा कागद) वापरत असाल तर उन्हाळी लागवडीला चंदेरी बाजू वर ठेवा. काळा कागद स्वतः तापतो आणि रोपाचं कोवळं खोड त्याच्या कडेला टेकलं तर टेकल्या जागी भाजतं. भोक थोडं मोठं पाडा आणि खोडाजवळ मूठभर माती ठेवा. कागद भर दुपारी ताणून अंथरू नका. तापलेला कागद पसरलेला असतो, रात्री आकसतो आणि भोकापाशी फाटतो.

भारी काळ्या रानाला भेगा पडतात. एकदा भेग पडली की गरम हवा थेट खोलवर उतरते आणि तिथली ओल घेऊन वर येते. वरवरची कोळपणी करून त्या बुजवा. वरचा मातीचा भुगा हेच आच्छादन होतं. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या मुरमाड माळावर भेगांचा प्रश्न नाही. तिथं दगड-खडे मातीपेक्षा भराभर उष्णता खाली नेतात आणि ओल धरत नाहीत, म्हणून तिथं आच्छादन आणखी जाड हवं.

हीच उष्णता कामालाही लावता येते. रोपवाटिकेची माती निर्जंतुक करायची असेल तर याच दिवसांत वाफे भरपूर भिजवा, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद टाकून कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. इथं दोन चुका हमखास होतात. कागद काळा घेतात. काळा कागद ऊन स्वतःच पिऊन घेतो आणि त्याच्याखालच्या हवेच्या थरामुळं माती कमी तापते, तर पारदर्शक कागद ऊन मातीपर्यंत जाऊ देतो. आणि माती कोरडी ठेवतात. ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी पटीनं उष्णता खाली पोचवते, शिवाय ओलीत जागी झालेली बुरशी आणि तणाचं बी लवकर मरतं.

पाणी

ठिबकच्या नळीत दुपारी उकळतं पाणी येतं आणि मुळं जळतात, अशी भीती पुष्कळांना आहे. ती कुणाला असावी ते जरा मोजून बघू. १६ मिलिमीटरच्या १०० मीटर नळीत जेमतेम १५ लिटर पाणी मावतं. डाळिंबाच्या ओळीला दोन नळ्या धरल्या तरी एकरात तीनेकशे लिटरच्या आतच. मोटर चालू झाली की ते काही मिनिटांत संपतं आणि मागून विहिरीचं गार पाणी येतं. पोक्त झाडाला त्यानं काही होत नाही. रोपवाटिकेत, नव्या मिरची-टोमॅटोत किंवा ट्रेमधल्या रोपांवर मात्र तेच पहिलं पाणी घात करतं. तिथं पाईपचं पाणी आधी बाहेर सोडा, हाताला गार लागलं की मगच रोपाला द्या. वीज दुपारच्या पाळीतच येत असेल तर ठिबकच्या शेवटच्या टोप्या उघडून पाच मिनिटं फ्लश करा. त्यानं गाळही निघतो.

खरी अडचण नळ्यांच्या लांबी-रुंदीची आहे. तापल्यावर घन पदार्थ पसरतो, प्लास्टिक तर धातूपेक्षा बरंच जास्त. १०० मीटर काळी नळी पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापली तर अर्ध्या मीटरच्या आसपास लांबते, आणि रात्री तेवढीच आकसते. ताणून बसवलेली नळी म्हणूनच पहाटे ग्रोमेटमधून (जोडावरच्या रबरी कड्यातून) निसटलेली सापडते. नळी थोडी नागमोडी ठेवा आणि बसवताना दुपारच्या ऐवजी सकाळची वेळ घ्या. पीव्हीसीचा सहा मीटरचा पाईपही एवढ्या फरकानं बोटभर जाडीइतका लांबतो, शिवाय उन्हात वर्ष-दोन वर्षं पडला की ठिसूळ होतो. मेन लाईन दोन फूट खाली गाडा. वर सांगितलं तसं तिथं दिवस-रात्रीचा फरक पोचत नाही.

शेततळ्याकडं बघा. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाला एक सेंटिमीटर पाणी सहज उडून जातं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ते रोजचं ९,००० लिटर होतं. तळ्यातलं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं, खालचं त्या मानानं गार असतं. त्यामुळं फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाईपच्या तोंडाची झडप) गाळाच्या वर दोन फुटांवर ठेवून खालून पाणी उचला. मासे असतील तर मात्र उलट काळजी घ्या, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की लगेच फवारा किंवा एअरेटर चालू करा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका.

आता पाण्याच्या सर्वांत मोठ्या गुणाकडं येऊ. एक लिटर पाणी दहा अंशांनी तापायला सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता घेतं. तेच लिटर वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे पन्नास पटींहून जास्त. झाडाचं पान याच हिशेबावर जगतं. ओल असेल तर पान घाम गाळल्यासारखं स्वतःला हवेइतकं किंवा तिच्यापेक्षा गार ठेवतं. पाण्याचा ताण पडला की पानांची तोंडं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटतात आणि तेच पान हवेपेक्षा जास्त तापतं. म्हणून आठवड्यातून एकदा भरमसाठ पाणी देण्यापेक्षा थोडं थोडं रोज किंवा दिवसाआड द्या, संध्याकाळी किंवा पहाटे.

फळावरचं ऊन

आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं, डाळिंब ऐन उन्हाळ्यात फुगत असतं आणि पश्चिमेकडच्या फळांवर तपकिरी-काळे चट्टे येतात. पूर्वेकडच्या फळावर ऊन पडतं तेव्हा हवा अजून गार असते. पश्चिमेकडच्यावर पडतं तेव्हा ती आधीच चाळिशीच्या वर गेलेली असते. फळ पानासारखं पाणी सोडून गार होत नाही, त्यामुळं त्याचं साल हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर जातं. इथं वाट किरणांची आहे, पाणी वाढवून ती बंद होणार नाही. केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी (लिटरला ३० ते ५० ग्रॅम, संध्याकाळी, सारखी ढवळत) पांढरा थर देऊन ऊन परतवते. पावसानं धुतलं तर परत घ्यावी लागते. छाटणी करताना पश्चिमेकडची पानाळ फांदी राखा. तो फुकटातला पडदा आहे. गंधकाची फवारणी या दिवसांत टाळा, ३५ अंशांच्या वर ती स्वतःच पान-फळ भाजते.

द्राक्षाला खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीनंतर) ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, उघडे पडतात, तिथंही हेच. फूट निघून सावली होईपर्यंत ओलांड्यांवर गोणपाट टाका किंवा चुन्याचा हात द्या.

शेडनेट थेट ऊन अडवतं, गरम वारं नाही. नेट पिकाला टेकवून ताणलं तर तापलेला धागाच पानाला भाजतो. पिकाच्या डोक्यावर दोन-तीन फूट जागा ठेवा म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. वाऱ्यासाठी पश्चिमेच्या बांधाला शेवरी, गिरीपुष्प किंवा चार ओळी कडवळ लावणं हाच उपाय.

गोठा

पत्र्याच्या गोठ्यात जनावर दोन्हींकडून भाजतं. पत्रा पाठीवर किरणं टाकतो आणि छताखाली गरम हवा कोंडते. जुन्या माळवदाच्या घराला हा त्रास नव्हता. फूटभर मातीच्या छतातून दुपारची झळ खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची, तोवर माणसं वर झोपायला गेलेली असायची. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या, वर कडबा किंवा पाचट पसरून दोरीनं बांधा, आढ्याला फट ठेवा. गरम हवा वर जाते. तिला वरून वाट दिली तर गार हवा खालून आपोआप आत येते.

म्हशीकडं जास्त लक्ष द्या. कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी, त्यामुळं ती स्वतःला गार ठेवू शकत नाही. अंग भिजवा आणि वारा द्या, दोन्ही. नुसतं पाणी ओतून पंखा नसेल तर पाणी अंगावर तापत राहतं. पाण्याची टाकी उन्हात नको. गरम पाणी जनावर कमी पितं आणि दुधात ते दुसऱ्याच दिवशी दिसतं.

साठवण

कांदा स्वतः श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. ढीग उंच केला तर मधली उष्णता बाहेर पडत नाही आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. चाळीत थर चार-पाच फुटांच्या वर नको, आणि खालून हवा खेळती हवी.

ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरणार असाल तर खळ्यावरून दुपारची तापलेली भरू नका. रात्रभर पसरून निवू द्या, मग भरा. गरम दाण्यातली ओल कोठीच्या गार भागाकडं सरकते आणि वरच्या थराला बुरशी धरते. कोठी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या ठेवा. अजून कुणाकडं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) वापरात असेल तर जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखं राहतं, ही त्याची खुबी आहेच. पण पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नका. दाण्याच्या श्वासानं तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो हवेपेक्षा जड असल्यानं आपोआप वर येत नाही, आणि त्यात माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. पुरेसा वेळ उघडं ठेवा, हवा आत सोडा, वर माणूस आणि कमरेला दोर असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.

डिझेलचा २०० लिटरचा बॅरल काठोकाठ भरू नका. ३० अंशांनी तापला तर आतलं डिझेल पाचेक लिटरनं वाढतं. ट्रॅक्टरच्या टायरची हवा पहाटे टायर गार असताना तपासा. दुपारी तापलेला टायर जास्त हवा दाखवतो, म्हणून काढाल आणि सकाळी कमी पडेल.

वळीव पडल्यावर

मेच्या शेवटी वळवाचे दोन शिंतोडे पडले की हवा दमट होते आणि वरचं बरंच काही बदलतं. गोठ्यात गारव्यासाठी लावलेले ओले गोणपाट आणि फॉगर (बारीक तुषार उडवणारे फवारे) तेव्हा बंद करा. दमट हवेत पाणी उडत नाही, उलट घुसमट वाढते. त्या दिवसांत फक्त पंखा आणि मोकळी बाजू. डाळिंबाला पाण्याचा ताण पडलेला असताना असा पाऊस झाला तर फळं तडकतात, म्हणून ढग दिसू लागल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नका. आळ्यातलं पाचट तसंच राहू द्या, मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत ते काढायचं कारण नाही.