व्हिसाची तारीख नव्हे, आय-९४ची तारीख बघा

एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, नवीन आलेली मंडळी भेटली की हमखास विचारतात, "व्हिसा अजून दोन वर्षं आहे, म्हणजे तोवर निर्धास्त ना?" तर नाही. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा तुम्हाला फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहता येईल, ते आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीचा कागद, ठरवतो. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना तो कागद हातात मिळत नाही. कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावरून आपणच उतरवून घ्यायचा. उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच घ्या. भारतीय किराण्याचं दुकान काय, नंतरही सापडतं.

आता खरी गोम. तुमची आय-७९७, म्हणजे एच-१बीची मंजुरी, २०२८ पर्यंत आहे, पण पासपोर्ट २०२७ मध्येच संपतोय, तर विमानतळावरचा अधिकारी बऱ्याचदा आय-९४ वर पासपोर्टचीच तारीख टाकतो. कंपनीला पत्ता नसतो, तुम्हालाही नसतो. नंतर पासपोर्ट नवा केला म्हणून ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज करावा लागतो किंवा बाहेर जाऊन परत यावं लागतं. म्हणून पासपोर्ट संपायला वर्षभर असतानाच नूतनीकरणाला टाका. जुन्या पासपोर्टवर व्हिसा चालू असेल तर ते पान फाडू नका. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवले की तोच व्हिसा चालतो. आणि बायकामुलांचे आय-९४ वेगवेगळे असतात. स्वतःचा बघून गप्प बसू नका, एच-४ वाल्यांचेही, म्हणजे तुमच्यामुळे व्हिसा मिळालेल्या बायकामुलांचेही, बघा.

नावांचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, मग इथे कुठे दोन्ही मिळून पहिलं नाव होतं, कुठे वडिलांचं नाव मधे जातं, कुठे गळूनच पडतं. सोशल सिक्युरिटी, लायसन्स, बँक, पगाराची नोंद, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी. नव्या नवरीचं तर विचारूच नका: लग्नपत्रिकेत सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायची सक्ती नाही, आणि माझं मत विचाराल तर एच-४ च्या धावपळीत बदलूच नये. विवाह नोंदणीचा दाखला मात्र हवाच, आणि त्यावरची नावं पासपोर्टशी जुळायला हवीत. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या.

व्हिसा संपला आणि आय-९४ चालू असला तर इथे राहायला काहीच अडचण नाही. अडचण येते प्रवासात. अशा वेळी लंडनमार्गे स्वस्त तिकीट काढू नका. चालू अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथे नुसतं विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसाची सूट मिळते. अमेरिकी व्हिसा संपलेला असेल तर नुसत्या आय-७९७ वर ती मिळेल असं धरून चालू नका. कॅनडाचं थोडं सोपं आहे. तीस दिवसांच्या आत परत आलात, आय-९४ चालू असला आणि तिथे नव्या अमेरिकी व्हिसाचा अर्ज केला नसेल, तर संपलेल्या व्हिसावरही अमेरिकेत आत घेतात. पण कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतोच, मग नायगारा पलीकडून कितीही छान दिसो.

घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरा. पाच मिनिटांचं काम, पण विसरणारेच जास्त.

आई-बाबा आले की हेच सगळं पुन्हा. त्यांच्या व्हिसावर दहा वर्षं लिहिलेली असतात, आय-९४ वर बहुधा सहा महिने. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं हवं. जास्त राहायचं असेल तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरा. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, चकल्या खुशाल येऊ द्यात. हापूस आणि मांसाचे पदार्थ नकोत. आणि खाण्याचं काय काय आणलंय असं विचारलं की सरळ सांगायचं, हे त्यांना निघायच्या आधीच फोनवर दोनदा बजावा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.